न उचललेली काठी

बाई, ओळखलंत का? नसंलच. तुम्हाला नाचाचे तोडे सगळे तोंडपाठ, पण छत्री दर पावसाळ्यात गुलमंडीच्या कापडदुकानात विसरायच्या, अन् माझ्या डब्याचं झाकण नेलंत ते अजून परत नाही. तर मी कॉलेजातली मावशी. नाचाची खोली झाडायची, पोरींचे घुंगरू पुसून खुंटीला लावायची, ती. आता शहराचं नावसुद्धा बदललंय, शोधत आलात तर चुकाल. लिहून घेतेय माझी नात. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत आम्ही बिडकीन सोडलं अन् माझी शाळा तिकडंच राहिली, हे तुम्हाला ठाऊक. पुढं तुम्हीच मला जिन्याखाली बसवून अक्षरं गिरवायला लावली. ‘ग’पर्यंत पोचलो आपण. “घुंगरातला घ आला की पेढे देईन,” म्हणालात. मी पळाले. पेढे वाचले तुमचे.

नात आता नाचच शिकते. काल पाय सुजवून आली. तिच्या सरांच्या हातातही काठी आहे. बाकीच्या पोरी उद्या प्राचार्यांकडं तक्रार घेऊन निघाल्यात, हिचा मात्र जीव होत नाही. म्हणते, “आजी, सर शिकवतात देवासारखं. त्यांची तक्रार कशी करू?” हे ऐकलं अन् तुम्ही समोर उभ्या राहिलात.

तुमची ती शिसवी काठी. फरशीवर ठेका धरायची, अन् ताल चुकला की सुटायची ती थेट पोरीच्या पायावर. रीत अशी, की जिला लागली तिनंच ती उचलायची, कपाळाला लावायची अन् दोन्ही हातांनी तुम्हाला परत द्यायची. तुमच्या गुरूंनी तुम्हाला तसंच घडवलेलं. नडगीवरचे वण तुम्ही मला दाखवले होते, बायका दागिने दाखवतात तसे हौसेनं. मुकुंदवाडीहून चालत येणारी एक पोरगी होती, आठवते? नाचली की खोली उजळायची. तिचा घोटा टम्म सुजला, तेव्हा मी कँटीनच्या चुलीवर हळद गरम करून आणली. लावताना ती दात आवळून म्हणाली, “बाईंचा प्रसाद आहे मावशी.” म्हणलं, “प्रसादानं घोटा सुजलेला मी तरी बघितला नाय.”

दुसऱ्या दिवशी काठी पुन्हा तिच्याच पायाशी पडते. ती उभी. तबला थांबतो. “उचल,” तुम्ही म्हणता. ती हलत नाही. “ऐकू येत नाही का? उचल म्हणते ना!” पोरगी खाली मान घालून म्हणते, “नाय बाई.” तुम्ही दुसरीकडं बघता, तिसरीकडं बघता. कुणी पुढं येत नाही. मी दारात झाडू घेऊन उभी, मीही पुढं होत नाही. शेवटी तुम्ही स्वतः वाकलात. तुम्हाला वाकायला किती त्रास व्हायचा, हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच दुपारी पोरी सगळ्या मिळून प्राचार्यांकडं गेल्या. ते तुम्हाला नुसती काठी सोडा म्हणाले होते. तुम्ही नोकरी सोडलीत.

मग मी तुमच्या खोलीवर धपाटे घेऊन यायची. आधी नको म्हणायच्या, अन् मग बोटं चाटून खायच्या. एकदा घास हातात धरून म्हणालात, “माझ्या पोरी भोळ्या गं. कुणीतरी फूस लावली त्यांना. नाव कळलं तर मला सांगशील?” मी म्हणलं, “दही घ्या.” पुढच्या थंडीत तुम्ही देवाघरी गेलात. मधल्या त्या वर्षात एकदाही पाय आपटून ठेका धरला नाहीत. पोरींचं चुकलं, असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण काठीवाचूनही शिकवता आलं असतं तुम्हाला. तुमचा नुसता डोळा पुरायचा हो, पोरी थरथरायच्या. एवढं तरी तुमच्याजवळ बसून बोलायला पाहिजे होतं. मी नुसतं दहीच वाढत राहिले.

तर बाई, नाव आता सांगते. हळद लावताना मीच त्या पोरीला म्हणलं, उद्या पडली तर उचलू नको, पडू दे तिथंच. अन् एकटी जाऊ नको, सगळ्याजणी मिळून प्राचार्यांकडं जा.

नातीचं पेन थांबलंय. माझ्या तोंडाकडं काय बघतेस, लिही की. हे पत्र कुठं पाठवायचं नाय, घडी करून तुझ्या घुंगरांच्या पिशवीत ठेव. अन् उद्या धपाटे जास्तीचे बांधून ने, सगळ्या पोरींना पुरले पाहिजेत. प्राचार्यांच्या दाराबाहेर लई वेळ बसवतात. दही वेगळ्या डब्यात घे. अन् झाकण तेवढं आठवणीनं परत आण.