शिकायची मुदत

३ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझा फोन मी उचलणार नाही, म्हणून हे पत्र. दवाखान्याची नाव नोंदवायची वेबसाइट चौदा वर्षं मी एकट्याने सांभाळली. तू प्रमुख झालीस आणि पहिल्याच बैठकीत सख्ख्या भावाला सगळ्यांदेखत सुनावलंस, की जुनं फ्रेमवर्क, साइटचा अख्खा सांगाडाच, मोडीत निघणार, तीन महिन्यांत नवं शिक. पूर्वी एका फायलीत होणारं काम आता सहा फायलींत वाटायचं, वर चूक नक्की कुठे झाली तेही धड कळत नाही. शेजारच्या टेबलावरची नवखी मुलगी मला हळू आवाजात समजावते, मी ऐकून घेतो.

आईच्या कानावर यातलं काही घालू नकोस. तेवढी माया उरली असेल तर पुष्कळ.

दादा

१९ मार्च

ती. दादास,
सा. न.

आपली टेबलं दहा पावलांवर, तरी लिहूनच उत्तर देते. साइट सांभाळलीस, पण कुणाला तिला हात लावू दिला नाहीस, तेही लिहायचंस. गेल्या वर्षी तू तापाने पडलास आणि ती दोन दिवस बंद राहिली. आजारी माणसं दवाखान्याच्या दारात ताटकळली. वरून कमी करायच्या माणसांची यादी आली, तीत तुझं नाव पहिलं होतं. तीन महिने मी भांडून मिळवले. तुझ्या कोडवरच्या माझ्या शेऱ्याखाली काल तू ‘पोरखेळ’ लिहिलंस. पुन्हा लिहिलंस तर यादीवर मीच सही करीन.

राग खुशाल धर, शिकणं सोडू नकोस.

चिमणी

२८ मे

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

नवी साइट काल सुरू झाली. तिचं नोंदणीचं पान पूर्ण माझं आहे. माझ्या जुन्या कोडमध्ये एक ओळ हलली की सगळं कोसळायचं. मला ते ठाऊक होतं, म्हणूनच कुणाला जवळ फिरकू देत नव्हतो. हे फक्त तुला लिहितोय, ऑफिसात कबूल करणार नाही. यादीचं मात्र तू मला त्या बैठकीआधी एकट्याला सांगायला हवं होतंस. तो अपमान मी गिळलेला नाही.

आज राजीनामा दिला. दुसरीकडे याच फ्रेमवर्कवर काम मिळालंय. मुलाखतीत त्यांनी विचारलं, या वयात हे कुणाकडून शिकलात. धाकट्या बहिणीने माझी एकही चूक सोडली नाही, असं मी सांगितलं.

त्यावरून माफ केलं असं समजू नकोस. इतक्यात घरी येऊ नकोस. यावंसं वाटलं, तर आधी पत्र टाक.

दादा