वाळवल्यावर आलेला आकडा

२ जुलै
मेघनाचा लेख परत आला. पाठवला काय अन् परत आला काय. "आमच्या मासिकाच्या विषयात बसत नाही." पोरगी ताटातल्या भातावर बोटाने रेघा ओढत बसली. म्हटलं, जेव, भाताने काय केलंय तुझं? तर म्हणते, "अज्जी, वाचलासुद्धा नाही गं त्यांनी." अगं मग शिव्या तरी कुठे दिल्या.
नातीने पीएचडीला माती घेतली आहे. माती म्हणजे पांढरी पावडर. दाबून टिकल्या करायच्या, भट्टीत भाजायच्या, दोन्ही अंगांना चांदी फासायची अन् यंत्राला लावायच्या. टिकली वीज किती धरून ठेवते, तो आकडा. त्याच्यापायी पाच वर्षं. तिच्या वयात माझी दोन पोरं शाळेत होती. हे बोलले नाही. बोलले असते तर उपाशी उठली असती.

५ जुलै
तिला विचारलं, मासिक तरी कसलं, दाखव. फोनवर दाखवलं. वर निळं चित्र, खाली लगेच आकडे. त्यातले लेख दुसरे लोक किती वापरतात तो एक, उत्तर किती दिवसांत देतात तो एक, वरच्या पंगतीत बसतात की खालच्या तो एक. कशावरचे लेख घेतात ते सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात. स्थळाच्या कागदावर असतं तसं. पगार आधी, स्वभाव शेवटी.
तिच्या सरांचं म्हणणं, वरच्या पंगतीतल्या मासिकात छापून आल्याशिवाय प्रबंधावर सही नाही. अन् त्या पंगतीला आता नुसती नवी माती चालत नाही. तिचा काही उपयोग पाहिजे, नाहीतर आकडा तरी डोळे फिरवणारा पाहिजे.
घरात दोन आकडे झाले. एक टिकलीचा, एक मासिकाचा. दोन्ही वर गेले पाहिजेत.

११ जुलै
आषाढातला शुक्रवार. लेकाने, मोहनने, देवीच्या टेकडीवर न्यायचं कबूल केलं अन् रांग बघून गाडी फिरवली. खालूनच हात जोडले. देवीला चालतं, मोहनला तर फारच चालतं.
संध्याकाळी मेघना नाचत आली. नव्या मिश्रणाचा आकडा असा आला की सरांनी लॅबमध्ये म्हैसूरपाक वाटला. लेख पुन्हा लिहिणार. मोठ्या मासिकाला.

१६ जुलै
लेख गेला. वरच्या मजल्यावरच्या पुणेवाल्या बाई जिन्यात भेटल्या. "कुठल्या जर्नलला पाठवलाय? इम्पॅक्ट फॅक्टर किती?" जसं काही बाळाचं वजन. पुतण्याचा याहून वरच्यात आलाय म्हणे. म्हटलं, मग पुतण्यालाच खाली पाठवा चहाला, आम्हाला पण बघू दे. हसल्या. माझं मराठी त्यांना गमतीचं वाटतं. निपाणीची चौथी आणि म्हैसूरचा संसार, दुसरं काय होणार.

२१ ऑगस्ट
उत्तर आलं. घेणार म्हणे, थोड्या दुरुस्त्या करून! मोहन ऑफिसातून लवकर आला. सून हासनला, तिच्या आईचं ऑपरेशन, तिला फोन. फोनवर दोघी मायलेकी रडल्या. मी शिरा केला.
तिघांनी लेख तपासला, नावं सांगत नाहीत. दोघे खूश. तिसऱ्याच्या दोन अटी. एक, अमुक अमुक लेखांचा उल्लेख करा. ते सगळे एकाच माणसाचे. मेघना म्हणते, हा तिसरा तोच माणूस असणार. लग्न तुमचं, अन् आमंत्रणं त्याच्या भावकीला. सर म्हणाले, घाल, काय जातंय. सगळे घालतात.
दोन, टिकल्या ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा मोजा. नुसती खात्री म्हणून.

२५ ऑगस्ट
मेघना आली ती चप्पल न काढता खुर्चीत बसली.
वाळवल्यावर आकडा पडला. थोडा नाही. मूठभर भाजी शिजून चमचाभर उरावी तसा.
हळूहळू सांगितलं तिने. टिकलीला बारीक भोकं असतात. पावसाळी हवेतलं पाणी आत शिरतं अन् यंत्राला वाटतं मातीच वीज धरते आहे. टिकल्या कोरड्या ठेवायची काचेची बरणी आहे लॅबमध्ये. तिच्यातले निळे दाणे ओले झाले की गुलाबी होतात, मग भाजून परत निळे करायचे. ते किती वर्षं गुलाबीच आहेत. तिला वाटायचं त्यांचा रंगच तो. सगळ्यांना तसंच वाटायचं. म्हणून टिकल्या खिडकीजवळच्या उघड्या ताटात. सुम्ने, उगीच ठेवलेल्या, जागा होती म्हणून.
"पाणी मोजलं मी, अज्जी. पाणी."
शिरा उरला होता तो फेकला.

२६ ऑगस्ट
सर म्हणतात, एक ओळ लिही, वाळवून फारसा फरक पडला नाही. आयतु, संपलं.
घरात भांडण. मोहन: "सर सांगतायत ना? त्यांना कळत नाही, तुला कळतं?" मेघना: "अप्पा, त्यांना कळतंय. तेच तर."
मी मोहनच्या बाजूने बोलले. लिही आणि मोकळी हो, कोण येणार आहे तुझी टिकली वाळवायला. तशी माझ्याकडे वळली. "मी गेले होते ना दुसऱ्याची टिकली करून बघायला. दुसऱ्या वर्षी. कुणीतरी छापलेला आकडा, मी वर्षभर तशीच टिकली करत होते. तो आकडा येतच नव्हता. मला वाटायचं मलाच जमत नाही." ते वर्ष आठवतंय मला. केस गळून न्हाणीघराची जाळी तुंबायची. आम्ही तेल बदललं.
पण एक लिहून ठेवते. खरं लिहिलं तर मोठं मासिक घेणार नाही. साध्या मासिकावर सर सही करणार नाहीत. सही नाही तर बेंगळूरची नोकरी नाही, ती डॉक्टर झाल्यावरच देणार आहेत. पाच वर्षं. खरं बोलणाऱ्याला कोण पोसतं ते मला कुणी दाखवावं.

२८ ऑगस्ट
सर घरी आले. मला वाटलं होतं कुणी रुबाबदार असेल. पोट सुटलेला, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. माझ्या मोहनपेक्षा थोडा मोठा. मेघना आत जाऊन बसली, बोलावलं तरी येईना. म्हणून मीच कॉफी घेऊन समोर बसले. बोलणं कन्नडात झालं.
"अम्मा, स्वल्प हेळि अवळिगे." थोडं सांगा तिला. म्हटलं, माझं ऐकत असती तर एव्हाना तिला दोन पोरं असती.
हसला नाही. कप फिरवत बसला. मग म्हणाला, प्रश्न तिच्या एकट्या लेखाचा असता तर मी अडवलं नसतं. माझेही आकडे त्याच खिडकीजवळचे आहेत. त्याच ताटातले. त्यांच्यावर मी प्रोफेसर झालो, बाकी पोरांचे प्रबंध झाले. ती वाळवलेला आकडा छापणार, मग लोक विचारणार, सरांनी वाळवले होते का?
विचारलं, वाळवले होते?
"नम्म कालदल्लि यारू केळलिल्ला, अम्मा." आमच्या वेळी कुणी विचारलंच नाही.
कॉफी न पिता गेला. आतून मेघना म्हणाली, "मला माहीत होतं. पहिल्याच दिवशी कळलं." म्हणजे तीन दिवस ती ते पोटात घेऊन जेवत होती, आणि मी तिला अक्कल शिकवत होते.

२९ ऑगस्ट
उत्तर उद्यापर्यंत पाठवायचं. तिने दोन उत्तरं लिहून ठेवली आहेत. एकात ती ओळ आहे, एकात नाही. मोहन पेपर वाचतो, पान उलटत नाही.
पुणेवाल्या बाई विचारून गेल्या, आला का अंक? म्हटलं, येतोय, पायी निघालाय.

३० ऑगस्ट
सकाळी इडलीचं भांडं चढवलं तोवर सरांचा फोन. मेघनाने स्पीकरवर ठेवला, का कोण जाणे. मला ऐकवायचा असेल.
"बा, ये. ओव्हन लावलाय. माझ्या जुन्या टिकल्या कपाटात आहेत, आधी त्या वाळवू."
ही म्हणाली, "सर, आकडा पडला तर?"
पंख्याचा आवाज येत होता तिकडून.
"नोडोणा," म्हणाले. बघू या. अन् ठेवला.
इडली उभ्याने खाल्ली, चटणी सांडली ओढणीवर, तशीच गेली. दोन्ही उत्तरं लॅपटॉपमध्ये घेऊन.
टिकल्या वाळायला संध्याकाळ होईल म्हणे. मोहन म्हणाला, आई, देवापुढे दिवा लाव. लावला. पण मागायचं काय? आकडा टिकला तर त्या माणसाची खुर्ची राहते आणि माझी पोरगी खोटी पडते. पडला तर तो जातो, आणि त्याच्या सहीशिवाय हीपण. हात जोडून उभी राहिले, काही मागितलं नाही, परत स्वयंपाकघरात आले.
चार वाजले. फोन नाही. मोहन गेटाशी उभा आहे.