चार मोजल्यावर

प्रिय कावळ्या,

पाकिटावरचं अक्षर बघून तू म्हणशील, हिला आज कुठला झटका आला. बरोबर आहे. तीन वर्षांत मी तुला चार ओळी लिहिल्या नाहीत, आणि तुझ्या किल्ली-कुलपांच्या दुकानावरून जायची वेळ आली की रस्ता ओलांडून पलीकडून जाते. तू मान खाली घालून कानस चालवत असतोस, तरी मला वाटतं की तू बघतोयस. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

सांगूनच टाकते. आपला बँड बंद पडलेला नाही. घशाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी तुला ओरडायची कायमची बंदी केली, तेव्हा तूच वहीत लिहून दाखवलंस की माझ्या जागी दुसरं कोणीतरी बघा. आणि आम्ही तिघांनी, म्हणजे मी, गिटारवाले मास्तर आणि माझा धाकटा भाऊ, तुझ्या खाटेशी उभं राहून शपथ घेतली की तू नाहीस तर बँड नाही. शपथ खरी होती रे. वर्षभर टिकलीसुद्धा. मग एका रविवारी मास्तर माझ्या लाँड्रीच्या माळ्यावर सहज गिटार घेऊन बसले, भावाने सहज बेस गिटार जोडली, आणि मी इस्त्री बंद करून वर गेले. सहज सहज म्हणता दोन वर्षं झाली. आता मास्तरांची भाची गाते. दवाखान्यात नर्स आहे. खाली बोलते तेव्हा ऐकू येत नाही, आणि माळ्यावर चढली की खाली हँगरला लावलेले शर्ट हलतात. तुला आवडेल ती. हे लिहिताना मला कसंतरीच होतंय, पण आवडेल.

परवा ड्रमची कातडी बदलताना तुझी आई आठवली. आपल्या पहिल्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत ती एकटी, कानात कापूस घालून बसलेली. शेवटच्या गाण्यात वीज गेली, माईक मेला, आणि तू तसाच ओरडत राहिलास. बाहेर आल्यावर तिने तुला कावळा म्हटलं आणि मला आदळआपट. वर म्हणाली, कसलं हे पंक संगीत, दोन मिनिटांच्या गाण्यात बटाटेसुद्धा उकडत नाहीत. लोक आपली खरी नावं विसरले, ती नावं राहिली.

तर आता आमची एक छोटी रेकॉर्ड होतेय. चार गाणी, सगळी मिळून नऊ मिनिटं. गेल्या शनिवारी स्टुडिओत गेलो आणि तिथे आमची अब्रू गेली. मी काड्या आपटून चार मोजले, पोरगी बरोब्बर वेळेवर सुरू झाली, आणि आम्ही तिघं गप्प. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. सात वेळा झालं. रेकॉर्डिंगवाला काच ठोकून विचारू लागला की तुम्ही एकत्र वाजवता की फक्त राहता. मास्तर, जे शाळेत पोरांकडून पाढे घोकून घेतात, त्यांना चारनंतर काय हे कळेना.

मला कळलं होतं. चार मोजून झाले की तू खाकरायचास. प्रत्येक गाण्याआधी, पंचवीस वर्षं. तुझं ते खाकरणं झालं की मगच आमचे हात पडायचे. माळ्यावर पोरगीला आमची सवय झाली होती, तीही आमच्यासोबत थांबायची, का ते तिने कधी विचारलं नाही. स्टुडिओत कानात तालाची टिकटिक लावली आणि ती सरळ टिकटिकीबरोबर निघाली. शेवटी तिने विचारलं, तुम्ही कोणासाठी थांबता. मास्तर चष्मा पुसत बसले. भाऊ, ज्याच्या तोंडात एरवी तीळ भिजत नाही, तो बेसच्या तारा जुळवू लागला. मग मी सगळं सांगितलं, शपथेसकट. ती म्हणाली, त्यांना माहीत नाही? मग मी कोणाच्या जागेवर उभी आहे? आणि हेडफोन काढून ठेवला. त्यांना विचारल्याशिवाय मी गाणार नाही म्हणाली. वयाने आपल्या निम्मी आहे, पण अक्कल आम्हा तिघांपेक्षा जास्त.

म्हणून हे पत्र. माफी मागतेच, शपथ मोडल्याची नाही तेवढी, लपवल्याची. तू नको म्हणालास तर रेकॉर्ड निघणार नाही, आणि मी रुसणारही नाही. पण येत्या शनिवारी सकाळी अकराला स्टुडिओ पुन्हा आपला आहे. तू यावंस, पोरगीच्या शेजारी उभं राहावंस, आणि मी चार मोजले की एकदा खाकरावंस. ओरडायचं नाही. एवढ्याने काही होत नाही असं ती म्हणते, तरी डॉक्टरांना विचारून ये. टिकटिक आम्ही काढून टाकणार आहोत. मी चार मोजीन आणि थांबेन.

तुझीच,
आदळआपट