वाळवी लागलेल्या चौकटीला हात लावू देण्याबाबत

प्रति,
मा. देखभाल अधिकारी,
कर्मचारी निवासस्थाने,
इमारत व परिसर कार्यालय.

विषय : मागील दाराच्या वाळवीग्रस्त चौकटीला माझ्या सासूबाईंनी हात लावण्यास लेखी परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे सर्व अर्ज.
२) आपल्या कार्यालयाने सदर चौकटीवर चिकटवलेली सूचना (आता बहुतांशी शिल्लक नाही).
३) ती सूचना नष्ट केल्याबद्दल मजकडून मागवलेला खुलासा.

महोदय,

मी रुग्णालयात परिचारिका असून वसाहतीच्या मागच्या ओळीत अगदी टोकाच्या घरात राहते. यजमान मालट्रकवर चालक आहेत, त्यामुळे घरात बहुतेक वेळ मी आणि माझ्या सासूबाई अशा दोघीच असतो. विषय वाचून आपणास ही चेष्टा वाटण्याचा संभव आहे. चेष्टा करण्याइतके त्राण माझ्यात राहिलेले नाही, हे कृपया लक्षात घ्यावे. तसेच हा अर्ज वाळवी मारण्यासाठी नाही. ती आशा मी सोडली आहे.

सासूबाईंना दिसत नाही. दृष्टी गेली तेव्हा आम्ही याच घरात होतो, म्हणून त्यांना हे घर हाताने पाठ आहे. खाटेवरून उठायचे, भिंतीला तळवा लावून फडताळापर्यंत यायचे, फडताळाच्या कडेवरून मागच्या दाराची चौकट धरायची आणि चौकट हाताला लागली की पाय खाली अंगणात टाकायचा. यात त्यांना कोणी धरलेले खपत नाही. मी एकदा दंड धरला, तेव्हा "मी काय तुझी पेशंट आहे का गं?" असे मला ऐकवण्यात आले.

अंगणात वांगी, मिरची, भेंडी आणि जास्वंदीचे एक झाड आहे. त्या झाडांवरची कीड काढणे हे सासूबाईंचे काम. पानाच्या मागे बोट फिरवून त्या अळी ओळखतात, गोगलगाय ओळखतात, मावा पडला असेल तर चिकटपणावरून सांगतात आणि सापडेल ते उचलून मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाकतात. हे करताना त्या किड्यांशी बोलतातही, पण ते बोलणे सरकारी कागदावर लिहिण्यासारखे नाही. सकाळी ऊन चढेपर्यंत त्या बाहेर असायच्या आणि आत आल्या की भूक लागली म्हणायच्या. हे शेवटचे वाक्य मी भूतकाळात लिहीत आहे, यातच माझी तक्रार आली.

वाळवी प्रथम त्यांनाच कळली. "दारात कोणीतरी खातंय," असे त्या दुपारी म्हणू लागल्या. मी कामावरून दमून आलेली, मी म्हटले उंदीर असेल. पुढे एके दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे चौकट धरली आणि अंगठा थेट आत गेला. वरचा रंग पापडासारखा शाबूत होता, आत नुसती माती. त्या पडल्या नाहीत, फक्त पुष्कळ वेळ उंबऱ्यावर बसून राहिल्या.

मग उपाय झाले. रॉकेल ओतले, चुना भरला, बोरिक पावडर टाकली. पावडरीने झुरळे मेली, मेलेल्या झुरळांना मुंग्या आल्या आणि मुंग्यांच्या मागे घराने आणखी काय काय पाहिले ते इथे सांगत नाही. शेजारी राहणाऱ्या, आमच्याच रुग्णालयात मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसर भाऊंनी सांगितले की पाली वाळवी खातात, त्यांना हाकलू नका. त्याप्रमाणे हाकलल्या नाहीत. पाली चांगल्या धष्टपुष्ट झाल्या, वाळवी होती तेवढीच राहिली. शेवटी मी आपणाकडे अर्ज केला.

आपल्याकडून प्रथम इमारत शाखेचे साहेब आले. त्यांनी किल्लीने चौकट वाजवली, चौकटीवर भिंतीचा भार नाही, पडण्याचा धोका नाही असा शेरा लिहिला (ही बाब पुढे महत्त्वाची आहे), आणि मातीची नळी जास्वंदीच्या बुंध्यातून येत असल्याने प्रकरण बागेचे ठरवले. नंतर बाग शाखेचे साहेब आले. त्यांनी जास्वंदीपासून उंबऱ्यापर्यंत औषध फवारले आणि उंबऱ्यापाशी पंप बंद केला. पुढची हद्द आपली नाही, असे ते म्हणाले. मी विनंती केली की हात जरा लांब करा, नळी तिथेच आहे. ते भले गृहस्थ आहेत, त्यांना वाईट वाटलेले दिसले, पण हात लांब केला नाही. औषधामुळे बागेतली वाळवी होती नव्हती ती सगळी घरात आली. यावर इमारत शाखेने लेखी कळवले की वाढ बागेच्या फवारणीमुळे झाली असल्याने आधी बाग शाखेचा अभिप्राय घ्यावा. तो अभिप्राय अद्याप घेतला जात आहे.

दरम्यान आपल्या कार्यालयाचा माणूस येऊन चौकटीवर कागद चिकटवून गेला. मजकूर असा : "वाळवीग्रस्त. पाहणी प्रलंबित. हात लावू नये. सूचना फाडल्यास कारवाई होईल." मला त्याचे काही वाटले नाही. अशा सूचना आम्ही रुग्णालयातही लावतो आणि लोक त्यांना टेकून उभे राहतात.

परंतु माझ्या सासूबाई आपल्याच कार्यालयातून सेवानिवृत्त झालेल्या शिपाई आहेत. आज तिथे त्यांना ओळखणारे कोणी नसेल. त्या तिथे पाणी द्यायच्या, टपाल वाटायच्या आणि सूचनांच्या कागदांवर उठावाचा, बोटाला लागणारा शिक्का दाबायच्या. त्या शिक्क्याच्या लोखंडी दांड्याला जोर लागायचा, म्हणून साहेब लोक ते काम त्यांनाच सांगायचे. त्यांनी त्या कागदावरून बोट फिरवले, कोपऱ्यातला शिक्का त्यांना लागला, आणि काय लिहिले आहे ते त्यांनी मला वाचायला सांगितले. मी वाचले. वाचायला नको होते, पण त्या वेळी डोक्यात आले नाही.

त्या दिवसापासून त्यांनी चौकटीला हात लावलेला नाही. चौकट नाही तर अंगण नाही. मी फडताळापासून दारापर्यंत दोरी बांधून दिली. दोरी हलते, हलणाऱ्या वस्तूवर त्यांचा भरवसा नाही. मी हात देऊ केला, तो त्यांनी झिडकारला. यजमान सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी विजेचे जुने बिल हातात घेऊन "आई, ऑर्डर आली, हात लावायला हरकत नाही म्हणे," असे मोठ्याने वाचून दाखवले. सासूबाईंनी हात पुढे केला. म्हणाल्या, "शिक्का कुठाय?" मुलगा एवढा मोठा ट्रक चालवतो, पण तिथे त्याने बिलाची घडी घालून खिशात ठेवली.

आता संदर्भ क्र. ३ बाबत. सूचनेचा कागद मी फाडलेला नाही. तो वाळवीने खाल्ला. आपल्याकडे कागद चिकटवायला कणकेची खळ वापरतात आणि वाळवी लागलेल्या लाकडावर कणीक लावली तर काय होणार, हे मी वेगळे लिहीत नाही. प्रथम "पाहणी प्रलंबित" गेले, मग "वाळवीग्रस्त", मग "हात लावू नये", शेवटी कारवाईची ओळही गेली. मात्र शिक्क्याचा कोपरा खळ न लागल्याने वाळवीने सोडला आहे आणि चौकटीच्या फटीत अडकून जागच्या जागी आहे. मी संध्याकाळी घरी आले की सासूबाई मला तिथपर्यंत न्यायला सांगतात. एवढ्यापुरता माझा हात त्यांना चालतो, कारण हे त्यांच्या लेखी सरकारी काम आहे. त्या चौकटीला स्पर्श न करता फक्त कागदाला बोट लावतात, शिक्का चाचपतात आणि "आहे अजून," म्हणून परत फिरतात. मी पुष्कळ सांगितले की अहो, हुकूमच उरलेला नाही. त्यांचे म्हणणे असे की मजकूर काय, फाइलमध्ये असतो, शिक्का आहे तोवर हुकूम आहे. तो कोपरा काढून टाकावा असे मला रोज वाटते. परंतु ज्या गुन्ह्याचा खुलासा मागवला आहे, तोच गुन्हा करून खुलासा कसा देणार? शिवाय कोपरा गेला की तो कोणी काढला हे त्या मलाच विचारतील आणि त्यांच्याशी खोटे बोलणे आमच्या घरात कोणालाही जमत नाही.

महोदय, मी रोज म्हातारी माणसे पाहते. माणूस पडून राहायला लागले की आधी पाय जातात, मग भूक, मग बोलणे. गेल्या काही दिवसांपासून सासूबाई खाटेवरून उठतानाही माझा हात धरतात. मला याची भीती वाटते. ज्यांनी मला कधी धरू दिले नाही, त्या आता धरतात आणि त्यावर काही बोलतही नाहीत. भेंडीवर अळ्या पडल्या आहेत, वांगी आतून किडली आहेत, गोगलगायी दिवसाढवळ्या भिंतीवर चढतात. मी हे त्यांना सांगत नाही, पण वास येतो त्यांना. काल त्या म्हणाल्या, "मिरची गेली ना गं?" मी हो म्हटले. त्यांनी फक्त कूस बदलली.

सबब विनंती अशी की, चौकट बदलून मिळावी ही माझी मागणी मी मागे घेत आहे. वाळवीला आत ठेवावे की बाहेर, हे दोन्ही शाखांनी सवडीने ठरवावे, मी घाई करणार नाही. सूचना नष्ट केल्याबद्दल जी काही कारवाई व्हायची ती माझ्यावर व्हावी. चौकट कोणाच्या अंगावर पडण्यासारखी नाही, हे आपल्याच साहेबांनी लिहून दिले आहे. सासूबाई तिच्यावर भार टाकत नाहीत. अंगण कुठे सुरू होते एवढेच तिला विचारतात. तरी "सदर चौकटीला हात लावण्यास हरकत नाही" एवढे एक वाक्य मला लेखी मिळावे. खाली कोणाचीही सही चालेल. सही त्यांना दिसणार नाही.

शिक्का मात्र उठावाचा असावा, आणि दांडा पूर्ण खाली दाबलेला असावा. अलीकडे कार्यालयात अर्धवट दाबतात, अशी सासूबाईंची तक्रार आहे.

उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र,
(सही)
परिचारिका, मागची ओळ, टोकाचे घर

दिनांक : आपल्याकडे आवक होईल तो

सोबत :
१) इमारत शाखेच्या शेऱ्याची प्रत.
२) सूचनेचा उरलेला कोपरा जोडलेला नाही. तो चौकटीवरच आहे, येऊन पाहता येईल.
३) परवानगीसाठी एक कोरा कागद. सासूबाईंनी कपाटातले सगळे कागद चाचपून स्वतः निवडला आहे. पातळ कागदावर शिक्का उठत नाही, असे त्यांनी कळवण्यास सांगितले आहे.