ग्रहणातलं कलम

१ मार्च, रविवार

खोड मऊ पडलं! सकाळी गच्चीवर गेले, सवयीने बोटाने दाबून पाहिलं, तर बोट आतच गेलं. पिकलेल्या केळ्यासारखं. वरचा पिवळा गोळा मात्र ऐटीत बसलाय. खाली काय चाललंय याचा त्याला पत्ताच नाही.

माझ्या एकशे चौदा कुंड्यांत असा हा एकच. निवडुंगच, पण पूर्ण पिवळा, अंगावर हिरवा कण नाही. हिरवं नाही म्हणजे स्वतःचं अन्न स्वतः करता येत नाही — दुसऱ्या निवडुंगाच्या खोडावर कलम करून बसवला तरच जगतो. रशीदचाचांनी दिलेला. कलम बांधायला मला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या मूळ झाडाला चार वर्षांत एवढं एकच पिल्लू आलं, नंतर मूळ झाडही गेलं. आता कोल्हापुरात तरी हा एकटाच.

कुजला कसा ते विचारायलाच नको. मी कॉलेजच्या लॅबमध्ये असते तेव्हा आक्का — माझ्या सासूबाई — रोज सगळ्या कुंड्यांना तांब्याभर पाणी घालत होत्या. "तानलंय गं बिचारं!" निवडुंगाला तहान! मी ओरडले. फार ओरडले. "तुमच्या मायेनं मारलं त्याला!" त्या तांब्या घेऊन खाली गेल्या. मला सतरावा आठवडा चालू आहे, अशात चिडू नये म्हणतात. म्हणोत.

२ मार्च

चाचांना फोटो पाठवला, लगेच फोन आला. "कूज वर चढायच्या आत काप. गोळ्यात तपकिरी ठिपका गेला की मग काय बी उपेग न्हाय, बेटा." रोजे चालू आहेत, घसा कोरडा, तरी अर्धा तास बोलले.

उद्या धुळवडीची सुट्टी. उद्याच कापते.

३ मार्च, मंगळवार

आज ग्रहणही आहे! आक्कांनी सकाळीच फर्मान काढलं — सव्वातीन ते पावणेसात देवघरात चटईवर बसायचं, ओटीत नारळ घेऊन. काही चिरायचं नाही, कापायचं नाही, सुई-कात्रीला हात लावायचा नाही. पोटुशीने ग्रहणात चिरलं की पोराचा ओठ चिरतो.

मी म्हटलं, "आक्का, चंद्र उगवणार साडेसहानंतर. जो अजून उगवलाच नाही, त्याचं ग्रहण दुपारी कसलं पाळायचं?"

"आपल्याला दिसंना झालं म्हणून काय झालं? चंद्राला म्हाईत असतंय की ग्रहाण लागलंय!"

चटई अंथरली.

चारपर्यंत बसले. मांडीवर नारळ, डोक्यात तपकिरी ठिपका. माझा नवरा उदय मित्रांबरोबर बाहेर. आक्कांचा जप चालू होता, मग भिंतीला टेकून त्यांची डुलकी लागली. मी नारळ हळूच चटईवर ठेवला आणि गच्चीवर गेले.

ब्लेड स्पिरिटने पुसलं. ड्रॅगनफ्रूटचं नवं खोड तयारच होतं. गोळा खालून कापला — मधोमध तपकिरी ठिपका. आणखी एक चकती काढली. ठिपका. तिसरी चकती. स्वच्छ! मोसंबीएवढा होता, लिंबाएवढा उरला. या झाडांच्या मधोमध एक बारीक कडं असतं, रस वाहतो तो त्यातूनच. खालचं कडं वरच्या कड्याला भिडलं तरच कलम धरतं, नाहीतर वरचं सुकून जातं. भिडवलं. वरून दोन रबरबँड ताणून बसवले. घड्याळात पावणेपाच.

खाली आले तर आक्का अजून झोपेतच. नारळ परत मांडीवर घेऊन बसले. चोरासारखी! बीएस्सी बॉटनी, फर्स्ट क्लास.

४ मार्च

आक्कांना कळलं. मीच मूर्ख. ब्लेड आणि चकत्या कठड्यावर तशाच सोडल्या होत्या. त्या कपडे वाळत घालायला वर आल्या आणि बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार. सुटला नाही. ओली चादर हातातून खाली पडली आणि त्या टाकीच्या पायरीवर मटकन बसल्या.

"किती वाजता?"

"पावणेपाच."

"कुणाला सांगू नगंस. उदयला बी न्हाय."

एवढंच. त्यांच्या शिव्या चालल्या असत्या मला. या बाईचा आवाज एरवी कळंब्याच्या तळ्यापर्यंत जातो, आणि आज दिवसभर घरात भांडंसुद्धा वाजलं नाही. त्या गप्प आहेत म्हणून मला भीती वाटतेय. काल वाटली नव्हती.

५ मार्च

माझा यावर विश्वास नाही. माझा यावर विश्वास नाही. मग मघाशी आरशासमोर उभी राहून स्वतःचा वरचा ओठ का चाचपत होते?

८ मार्च, रविवार

रंगपंचमी. खाली गल्लीत नुसता धिंगाणा, मी वर मोबाईल घेऊन. दुभंगलेल्या ओठांची बाळं बघत बसले. आधीचे फोटो, ऑपरेशननंतरचे फोटो. किती गोड हसतात ती! तरी एकामागून एक फोटो उघडतच राहिले. एका ठिकाणी लिहिलंय, ग्रहणाचा काही संबंध नाही. ते वाचून बरं वाटलं. पाच मिनिटं.

घरातल्या सगळ्या सुऱ्या आक्कांनी उचलून ठेवल्यात. भाजी त्याच चिरतात, माझ्याकडे पाठ करून.

९ मार्च

लॅबमध्ये आज मुलांना खोडाचे काप करून दाखवायचे होते. हजार वेळा केलंय हे. ब्लेड हातात घेतलं आणि ते खोडाला टेकवताच येईना. "मॅडम, बरं वाटत नाही का?" म्हटलं, ऊन लागलंय. ब्लेड खाली ठेवलं ते ठेवलंच. मी घाबरलेय! झाडाला नाही, देवाला नाही — त्या एका पावणेपाचला.

११ मार्च

आक्का सकाळी एसटीने एकट्याच जोतिबाला जाऊन आल्या. गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या चार पायऱ्या न चढणारी बाई! "नवस बोलला का काही?" विचारलं. "तुला काय करायचंय त्येचं?" गुलालाची एक चिमूट माझ्या कपाळाला लावली. मग वर जाऊन एक चिमूट कुंडीलाही वाहिली. रबरबँड गुलाबी झालेत.

१३ मार्च

रबरबँड कालच काढायला हवे होते. काढले नाहीत. मी पैज लावून बसलेय — कलम धरलं असेल तर बाळ ठीक. कुणाशी लावली, कशासाठी लावली, माहीत नाही. पण लावली. आता हरायची भीती.

१५ मार्च, रविवार

रशीदचाचा आले. रोजा, त्यामुळे चहाही विचारता येईना. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले त्यांनी, समोरच्याचं काय बिघडलंय ते लगेच कळतं. "तोंड का गं असं? झाड मेलं तरी मी रागवायचो न्हाय." मला राहवलं नाही. आक्कांना दिलेला शब्द मोडून सगळं सांगून टाकलं.

ते हसले. "आमच्यात बी हाय की हे! आमची बिबीजान पोटुशी हुती तवा अम्मीनं घरातल्या सगळ्या कात्र्या लपिवल्या. दोन कात्र्या तर अजून घावल्या न्हाईत. अन् मी? मी दुकानात बसून तारा कापत हुतो दिवसभर. बापाला कोण इचारतंय!"

बऱ्याच दिवसांनी हसले. मग त्यांनीच रबरबँड काढले, एकेक, फुंकर घालत. करंगळीने गोळ्याला बाजूने हलकंसं ढकललं. मी डोळे मिटून घेतले.

"धरलंय! बघ की, भ्याकडे! धरलंय!"

गोळा हलला नाही. मी तिथेच रडले. चाचा गोंधळून रबरबँड खिशात घालून बसले. जिन्यातून आक्कांचा आवाज आला, "धरलं व्हय?" हो म्हटलं. त्या वर आल्याच नाहीत. पावलं खाली गेलेली ऐकू आली फक्त.

१९ मार्च, पाडवा

पैज जिंकले त्याला चार दिवस झाले. भीती तिथेच आहे.

गुढीला कडुलिंबाचे डहाळे हवे होते. मी दारातल्या झाडाखाली उभी राहिले आणि डोक्यात आलं — तोडणं म्हणजे कापणं का? ग्रहण संपून सोळा दिवस झाले! उदयला म्हटलं, तू तोड. तो म्हणाला, "हल्ली तू मला सगळ्याला पुढं करायलीस." मी हसण्यावारी नेलं.

चोवीसला मोठी सोनोग्राफी. त्यात चेहरा दिसतो.

२१ मार्च, शनिवार

ईद. चाचांकडून शीरखुर्म्याचा डबा आला. खाऊन आडवी झाले होते आणि आत काहीतरी फडफडलं. पहिल्यांदाच! ओंजळीत मासोळी हलावी तसं. उदयचा हात पोटावर ठेवला, त्याला काही कळलं नाही, तरी वेड्यासारखा हसत बसला.

मी मात्र आणखी घाबरले. इतके दिवस नुसते आठवडे होते. आता आत कुणीतरी आहे. त्याला मी काही केलं असेल तर?

२४ मार्च, मंगळवार

आधी हृदय दाखवलं. मणका. हातापायाची बोटं. डॉक्टर बाई एकेक मोजत होत्या, उदय पडद्याकडे तोंड उघडं टाकून बघत होता. मग यंत्र चेहऱ्यापाशी आलं आणि थांबलं. पुढे सरकलं, परत आलं. परत थांबलं. मला कळलं. त्यांनी सांगायच्या आधीच कळलं.

"वरच्या ओठाला डाव्या बाजूला फट दिसतेय. टाळूचं नक्की काय ते जन्मल्यावर बघू. बाकी बाळ उत्तम आहे. तीन-चार महिन्यांचं झालं की ऑपरेशन करतात, चांगलं होतं."

मी उठून बसले. जेल पोटावर तसंच. म्हटलं, "मी ग्रहणात ब्लेडने कापलं." उदय माझ्याकडे बघतच राहिला. सगळं सांगितलं — गोळा, तीन चकत्या, पावणेपाच.

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. खुर्ची जवळ ओढून बसल्या. "हे बघा, बाळाचा ओठ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जुळतो. जुळायचा राहिला तर तेव्हाच राहतो. तुमचं हे संक्रांतीच्या आधीच ठरलेलं होतं. तुम्ही मार्चमध्ये काय कापलं त्याला काही अर्थ नाही. घरात कुणाला होतं का असं?"

मी म्हटलं, "नाही." उदयही म्हणाला, "नाही."

रिक्षात उदयने माझा हात सोडला नाही. "ऑपरेशन करू की. त्यात काय! पण तू एकटीच का घाबरत बसलीस?" एक मोठं ओझं उतरलं आणि त्याच जागी दुसरं येऊन बसलं. बाळाचं नाही — बाळाचं आता होईल ते करू. आक्कांना कसं सांगायचं? त्यांच्या लेखी तर सगळं खरं ठरलं. आयुष्यभर हे मूल बघितलं की त्यांना माझं ब्लेड दिसणार. आणि गावभर सांगायच्या नाहीत त्या, हेच जास्त वाईट. गप्प राहतील.

दारातच विचारलं त्यांनी. म्हटलं, रिपोर्ट उद्या. पहिल्यांदा मीच त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

२५ मार्च, बुधवार

सांगितलं. उदय कामावर गेल्यावर आक्कांना गच्चीवर बसवून सांगितलं. फट आहे म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले.

"उदयला बी हुती. मिशीखालचा त्यो वण पायरीवर पडून झाल्याला न्हवं, त्येला तसं सांगिटलंय. टाकं हाईत ती, मिरजेच्या दवाखान्यातली. पंच्याण्णव सालचं, दिवाळीतलं ग्रहाण. मामंजी भुकेनं कळवळालते, मी इळी घिऊन कांदा चिरला. सातवा चालू हुता मला. तीस वर्सं झाली, कुणाला बोलले न्हाय."

डॉक्टर बाईंचं सगळं त्यांना सांगितलं. ओठ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच जुळतो. सातव्यात काय चिरलं त्याने काही होत नाही. कधीकधी घराण्यातून येतं हे. महिने बोटांवर मोजून दाखवले.

मग त्यांनी स्वतःच्या बोटांवर मोजले. पहिला, दुसरा, तिसरा. तिथेच अंगठा धरून बसल्या. आणि अगदी बारीक आवाजात —

"म्हंजी... माझ्या इळीनं न्हवं व्हय गं?"