जिन्याचा कठडा

१४ मार्च

वारसा समितीचे साहेब,
नमस्कार लिहीत नाही.

आज तुमचा माणूस दाराशेजारी 'ऐतिहासिक वास्तू' अशी पाटी लावून गेला. त्यासाठी भिंतीला चार भोकं पाडली; त्याला परवानगी लागत नाही म्हणे. "काकू, घराला मान मिळाला," म्हणाला. मी त्याला पाणी दिलं.

जिन्याला कठडा बसवू द्या, असा अर्ज आम्ही तीनदा केला. "मूळ रूप बिघडेल," असं तुम्ही तिन्ही वेळा कळवलंत. हे हसायचे, "अगं, मी पडलो तर चालेल, जिन्याला खरचटता कामा नये!" गेल्या महिन्यात ते त्याच जिन्यावरून पडून गेले. जिन्याला काही झालं नाही.

मी वरपासून खालपर्यंत कपड्यांची दोरी बांधली आहे. पत्र पाठवलं तर तीही सोडायला लावाल, म्हणून पाठवत नाही. दोरी धरून आता दूध आणायला उतरते.

वरच्या मजल्यावरची