कुंपणापाशी घेतलेला झेल

सू सिटी, आयोवा
जून १९५१

प्रिय लुडमिलाताई,

नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? भावोजींचा दमा? माझं म्हणशील तर हातपाय अजून जागच्या जागी आहेत.

आमच्या बेसबॉल संघातला ऑर्व्हल हास्किन तुला आठवत असेल (ईस्टरला माझ्याबरोबर आला होता आणि एकट्याने अख्खं हॅम संपवलं होतं, तोच). मागच्या आठवड्यात उंच उडालेल्या चेंडूवर डोळे लावून तो मागे धावत सुटला आणि लाकडी कुंपणावर असा आदळला की खांद्याचं हाडच मोडलं. स्ट्रेचरवरून नेताना चेंडू मात्र ग्लोव्हमध्येच होता. त्याच्या जागी मॅनेजरनी मला उभं केलं. तेव्हापासून ताई, घास घशाखाली उतरत नाही. मैदानात उभा राहिलो की पाठीमागचं कुंपण हळूहळू पुढे सरकतंय असं वाटतं. कुणालाही चेंडू मारता येऊ नये अशी प्रार्थना करतो (पण चेंडू टाकणारा आमचा पिचर कसा आहे हे देवालाही ठाऊक आहे).

शनिवारी व्हायचं तेच झालं. चेंडू माझ्या डोक्यावरून निघाला. मी धावलो. पायाखालचं गवत संपून खडी लागली, म्हणजे कुंपण आलंच, आणि माझा धीर सुटला. डोळे गच्च मिटून, दोन्ही हात डोक्यावर धरून मी मटकन खाली बसलो. ग्लोव्हमध्ये धपकन काहीतरी पडलं. तो चेंडू होता. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आमचे मॅनेजर टॅरंट मला आजवर 'ए ओंडक्या' अशीच हाक मारत आले. ते जवळ येऊन म्हणाले, "पोरा, असा बसून झेल घेणारा मी जन्मात पाहिला नाही. भीती म्हणून काही आहे की नाही तुला?"

"आहे की," मी म्हटलं. सगळे पोट धरून हसले, आणि माझा विनय दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आला.

आता वरच्या मोठ्या संघाने मला बोलावलंय. लहानपणापासून मी याचीच वाट पाहत होतो. ऑर्व्हलला सांगायला इस्पितळात गेलो तर म्हणतो कसा, "नशीब काढलंस लेका. तिथलं कुंपण तेवढं विटांचं आहे हं. आपलं लाकडाचं निदान मोडतं तरी."

मंगळवारी निघायचंय. आई गावभर सांगत सुटली असेल.

तुझा,
व्हर्लिन

ता. क. भावोजींना गोठ्यावर माणूस हवाय असं आईने लिहिलं होतं. जागा अजून रिकामी आहे का? मंगळवारच्या आत तार कर.

आणखी एक. गाई लाथा मारतात का, तेही त्यातच कळव.